त्राटिकेचे डोळे

न्यू जर्सीतल्या आमच्या वेस्ट विंडसरमध्ये त्राटिका कोण, असं विचारलंत तर इथल्या मराठी मंडळातली निम्मी माणसं माझं नाव सांगतील. शुभाकाकूंच्या तोंडाला लागू नका, असं नव्या लोकांना आधीच बजावतात म्हणे. मला त्याचं काही वाटत नाही. पण खरी त्राटिका आमच्या शेजारच्या गॅरेजमध्ये राहत होती, आणि यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या सुशिक्षित, सुसंस्कृत माणसांनी तिची जी दशा केली ती आठवली, की अजूनही मी लाटणं पोळपाटावर आपटते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमची शेजारीण सुमित्रा भोये. मोखाड्याकडची, कोकणा आदिवासी. आश्रमशाळेत शिकली, नाशिकला इंजिनिअर झाली, पुण्यात नोकरी, मग जर्सी सिटी, आणि मुलगी शाळेत जायला लागल्यावर इकडे आली. इथल्या शंभर मराठी बायकांची जी कुंडली, तीच हिची. सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार मिळतो, असं ती म्हणते. मी म्हणते, मी ते आयुष्यभर फुकट करत आले.

सकाळच्या गाडीने ती न्यूयॉर्कला जाते आणि जाताना मांडीवर पिशवी घेऊन कागद फाडत बसते. ग्रोसरीच्या जाहिराती, खोक्यांच्या आतले मऊ कागद, काय मिळेल ते. शेजारचे लोक लॅपटॉपवरून तिरक्या नजरेने बघतात. मीही एकदा विचारलं, कात्री का घेत नाहीस? तर म्हणाली, "काकू, कापलेल्या कागदाला कड असते, फाडलेल्याला दाढी असते. दाढीला दाढी गुंतली की ते सुटत नाहीत." ते कागद ती घरी भिजत घालते, कुटते, भिजवून वाटलेली मेथी घालून मळते. मेथीने कीड लागत नाही. गुरुवार-शुक्रवारकडे आमच्या दोन्ही घरांना मेथीच्या लाडवांचा वास येतो आणि माझा नवरा रवींद्र उगीचच खूश होतो.

हे सगळं बोहाड्याच्या सोंगांसाठी. जव्हार-मोखाड्याकडे उन्हाळ्यात बोहाडा होतो. संबळ वाजते, मशाली पेटतात आणि देव-दैत्यांचे मोठाले मुखवटे चढवून माणसं नाचतात. त्या मुखवट्याला सोंग म्हणतात, आणि कुठलं सोंग कोणाच्या घरचं ते ठरलेलं असतं. भोयांच्या घरची त्राटिका. सुमित्राचे वडील त्र्यंबक भोये ती करायचे आणि नाचवायचेही. त्यांना मुलगा नव्हता. लोक म्हणाले, आता सोंग दुसऱ्या घरी जाणार. त्र्यंबककाका म्हणाले, "का म्हणून? पोरीला हात नाहीत? पाय नाहीत?" आणि त्यांनी सुमित्राला शिकवलं.

त्या घरची रीत मला सुमित्राने भाजी निवडता निवडता सांगितली होती. मुखवटा आधी मातीच्या साच्यात आतून कागदाचे थर देऊन करायचा. मग लगद्याने नाक, गाल, ओठ. या लगद्यात जुन्या सोंगाचा मूठभर लगदा मिसळायचाच, जसं नव्या दुधाला कालचं विरजण. मग चुना, गेरू, डिंक. डोळे मात्र काढायचे नाहीत. डोळे काढायचे ते नाचायच्या अगदी आधी, काजळीने, आणि जो काढील त्यानेच सोंग नाचवायचं. डोळे नसतात तोवर तो कागद. डोळे उघडले की बाई दारात आली. दारात आलेल्या बाईला ताटकळत ठेवायचं नाही, एक तर नाचवायचं, नाहीतर पाण्यात घालून पाठवणी करायची. आणि पहिल्यांदा ज्याने डोळे काढले, त्याच्याकडे ते सोंग आलं. वडिलांकडून मुलीकडे असंच आलं होतं. कागदपत्र नाही, सही नाही, फक्त दोन डोळे.

इथे गॅरेजमध्ये सुमित्राने त्या विद्येचं लोणचं नाही घातलं. तिने नवी सोंगं केली. ग्रीन कार्डची वाट बघण्यात साठलेल्या जुन्या कागदांचा लगदा करून तिने महिषासुर केला. शिंगांवर कुठे शिक्क्याचा तुकडा, कुठे अर्धं नाव दिसायचं. गावातल्या आर्ट सेंटरमध्ये तो लागला तेव्हा आमचे आयटीवाले त्याच्यापुढे उभे राहून आधी खो खो हसले आणि मग जवळ जाऊन शिंगांवरचे शिक्के वाचू लागले. रविवारी तिची मुलगी केया हिच्या मैत्रिणी गॅरेजमध्ये येऊ लागल्या. कोणी खोक्यांचा वेताळ करतंय, कोणी आपल्या आजीचं सोंग करतंय. हातात मेथीचा लगदा आणि तोंडाने अखंड इंग्रजी. केया अकरावीत. मराठी तिला सगळं कळतं, बोलते इंग्रजीच. पण तिचा अंगठा लगद्यावर फिरताना बघाल तर ती सोळा वर्षांची वाटणार नाही.

गेल्या हिवाळ्यात त्र्यंबककाका गेले. शेवटची त्राटिका त्यांनी साच्यात घातली होती, थर सुकले होते, आणि तेवढ्यात माणूस संपला. सुमित्रा तो कोरा मुखवटा आईच्या लुगड्यात गुंडाळून सुटकेसमधून घेऊन आली. आतल्या बाजूला वडिलांच्या अंगठ्याचे ठसे होते, ओला कागद दाबताना उमटलेले. केयाने बाहेरून त्यावर आजोबांच्या जुन्या सोंगाचा लगदा मिसळून नाक-गाल चढवले. आता फक्त डोळे राहिले होते. ते केया काढणार आणि केयाच नाचवणार, असं मायलेकींचं ठरलं होतं. म्हणजे आजोबांच्या हातचं शेवटचं सोंग नातीच्या हाती यायचं होतं. यापरतं दुसरं काही त्या घराला नको होतं.

आणि इथे आमचं मंडळ आलं.

मालिनी म्हणजे मंडळाची सांस्कृतिक प्रमुख. ती एका शनिवारी सुमित्राकडे आली तेव्हा मी तिथे चहाला होते.

"सुमित्रा, आय मस्ट से," ती बसता बसता म्हणाली, "तुझ्याकडे बघून वाटतच नाही हं!"

"काय वाटत नाही?" मी विचारलं.

"म्हणजे… ट्रायबल. अगदी आमच्यातलीच वाटते."

मला वाटलं, चहाचा कप खाली ठेवावा, नाहीतर तो कुठे जाईल सांगता येत नाही. आमच्यातली! म्हणजे कोणातली, बाई? जसं काही या बाईने अर्ज केला होता आणि हिने तो मंजूर केला. सुमित्रा मात्र शांतपणे बिस्किटं पुढे करत होती. असली वाक्यं ऐकून ऐकून तिच्या कानाला घट्टे पडले असावेत, आणि मला राग त्याचाच जास्त येतो.

मालिनीचं म्हणणं असं की यंदा गणेशोत्सवात 'ट्रायबल कॉर्नर' करायचा, आदिवासी कला वाचवायला. "पण तो व्हिसाचा राक्षस नको हं. फार पोलिटिकल होतं ते. आम्हाला ऑथेंटिक हवंय. आणि तू ते लुगडं वगैरे नेसून कॉर्नरमध्ये बसशील का? फोटो फॅब्युलस येतील."

"मालिनीताई," सुमित्रा म्हणाली, "माझी आई कामाला जाताना लुगडं नेसायची. मी कामाला जाताना ट्राउझर घालते. मंडळात मी बाकीच्या बायका येतात तशीच येईन."

ती नाहीच म्हणणार होती. पण जिन्यावरून केया खाली आली. "आई, कॅन आय डान्स हर देअर? विथ रिअल पीपल वॉचिंग? आजोबा वुड लव्ह इट."

सुमित्राने मुलीकडे पाहिलं आणि ती विरघळली. मालिनीला तिने स्पष्ट सांगितलं, माझ्यासमोर सांगितलं: मुखवटा आदल्या दिवशी आणून देते, हवा तर मांडून ठेवा. डोळे नाहीत, ते तसेच असू देत. दुसऱ्या दिवशी केया सगळ्यांसमोर डोळे काढील आणि नाचवील. त्यासाठी स्टेजवर वेळ ठेवा.

"डन!" मालिनी म्हणाली. "सो इंटरेस्टिंग! तुमच्यात असं असतं का?"

उत्सवाच्या दिवशी मी हॉलमध्ये शिरले ती मठ्ठ्याचं मोठं पातेलं ढकलत. मठ्ठा दरवर्षी माझ्याकडे असतो. स्टेजवर गणपती, बाजूला ढोल-ताशाची मुलं, सभागृहभर नऊवारी आणि मोगऱ्याचे गजरे. मागच्या भिंतीवर गोणपाट लावून ट्रायबल कॉर्नर केला होता. त्यावर मधोमध त्राटिका.

तिला डोळे होते.

साधेसुधे डोळे नाहीत. टपोरे, पाणीदार, कडेला लांब पापण्या, बुबुळात पांढरा चमकता ठिपका. टीव्हीवरच्या मालिकेतल्या सोशिक सुनेचे डोळे. त्राटिकेचं ते रुंद नाक, विचकलेले दात, आणि वर ही सासरचा छळ सोसणारी नजर. खाली छापील पाटी: 'ट्रायबल डेमोनेस. आर्टिस्ट अननोन.'

माझ्यामागे केया उभी होती. पायांत घुंगरू बांधून आली होती बिचारी, एका हातात काजळीची वाटी, दुसऱ्या हातात कुंचला. सुमित्राने तिच्या हातातली वाटी काढून घेतली.

"कोणी काढले हे?" सुमित्राने विचारलं.

आसावरी लगबगीने पुढे आली. सजावटीचं सगळं तिच्याकडे असतं. दिवाळीत वारली पेंटिंगचा क्लास घेते, ऑनलाइन बघून शिकली आहे. चेहऱ्यावर इतका आनंद, की क्षणभर मलाच कसंतरी झालं.

"आवडले? अगं, काल इतकं भकास वाटत होतं ना ते, डोळ्यांशिवाय! आणि ब्रोशरचा फोटो काढायचा होता. मग मीच बसले. खूप मन लावून केलेत हं. अ‍ॅक्रिलिक आहेत, कध्धी जाणार नाहीत."

आता मला सांगा. ही तीच माणसं आहेत ना, ज्यांच्या गावाकडे गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी सोडून बाकी सगळी कामं पोरंटोरं करतात आणि आखणीला मात्र जुना जाणता हात बसतो? चतुर्थीच्या सकाळी यांच्या मखरातल्या गणपतीला शेजारणीने येऊन हौसेने पापण्या काढल्या असत्या, तर यांनी चालवून घेतलं असतं? तिला घराबाहेर काढून वर शांत केली असती! यांना कळत नाही असं नाही हो. स्वतःच्या देवाचं सगळं कळतं. दुसऱ्याचा देव आला की तो यांना डेकोरेशन वाटतो. मी हे सगळं तिथेच बोलले, आणि बराच आवाज चढवून बोलले. ढोलवाली मुलं थांबून बघायला लागली.

"काकू, प्लीज, सीन नको," मालिनी धावत आली. "सुमित्रा, तिने प्रेमाने केलंय गं. आणि डोळेच तर आहेत!"

सुमित्राने मला हाताने थांबवलं. मग आसावरीकडे वळून ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "ठीक आहे. उघडले तर उघडले. आमच्या घरी डोळे काढतो त्यानेच सोंग नाचवायचं असतं. तू काढलेस. आता त्राटिका तुझी. चल, मी पट्टे बांधते, केया तुला पावलं दाखवील."

ही थट्टा नव्हती, आणि तेच मला सहन होईना. वडिलांच्या हातचं शेवटचं सोंग ती रीत मोडू नये म्हणून त्या बाईला द्यायला निघाली होती. केया घुंगरू सोडायला वाकलीही.

"ईऽ, मी?" आसावरी मागे सरकली. "ते तोंडावर घालून? माझा मेकअप… आणि नऊवारी आहे गं. मला नाही असलं काही जमणार."

"मग केया तुझ्या वतीने नाचेल. तू नुसती शेजारी उभी राहा. तेवढं चालेल."

आसावरीने मालिनीकडे पाहिलं. मालिनी घसा खाकरून म्हणाली, "अ‍ॅक्चुअली, सुमित्रा, तो स्लॉट आपण कॅन्सल केला. स्पॉन्सरच्या मुलींची लावणी फ्यूजन अ‍ॅड झाली ना. मी तुला टेक्स्ट करणारच होते. पुढच्या वर्षी पक्कं. तोवर ते भिंतीवर किती छान दिसतंय! लोक सेल्फी काढतायत बघ."

खरंच काढत होते. गॉगल लावलेला एक गृहस्थ त्राटिकेसारखे दात विचकून उभा होता.

सुमित्रा खुर्चीवर चढली आणि तिने मुखवटा उतरवला.

"अगं, काय करतेस?" मालिनी म्हणाली.

"पाठवणी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "काकू, मठ्ठा दुसऱ्या कशात ओतता येईल?"

हे विचारायला नको होतं. मी मठ्ठा फळांच्या सरबताच्या दोन रिकाम्या डब्यांत ओतला, पातेलं खळखळून धुतलं आणि हॉलच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवलं. चहासाठी कॉफीच्या भल्यामोठ्या भांड्यात पाणी उकळत होतं. त्याची तोटी मी पातेल्यात सोडली. तोवर दारात गर्दी जमली होती. बाहेर लावणी फ्यूजन सुरू झालं होतं आणि कोणी ते बघत नव्हतं.

सुमित्रा मुखवटा उलटा करून उभी राहिली. आतल्या बाजूला, जिथे नाचणाऱ्याचं कपाळ टेकतं तिथे, तिच्या वडिलांच्या अंगठ्याचे ठसे होते. एकात तिने आपला अंगठा ठेवला. तो मावत होता. ती तशीच थांबली, इतका वेळ की मला वाटलं, नको गं बाई, ने घरी, ठेव झाकून, कोण बघतंय? ती नक्की तसं करील असं मला वाटलं.

"आई," केया म्हणाली, "इट्स ओके. हिज ओल्ड मास्क इज इन इट टू. वी विल स्टिल हॅव हिम इन द नेक्स्ट वन."

सुमित्राने मान हलवली आणि त्राटिका पाण्यात सोडली.

"तुम्हाला वेड लागलंय का!" मालिनी किंचाळली. "हेरिटेज आहे ते! असं पाण्यात कोणी घालतं का?"

"मालिनी," मी म्हटलं, "बाहेर पार्किंग लॉटमध्ये तो निळा टब भरून ठेवलाय ना, त्यात संध्याकाळी तू काय करणार आहेस?"

मालिनीने मान वळवून स्टेजवरच्या गणपतीच्या दिशेने पाहिलं. मागे कोणीतरी खुसकन हसलं.

कागद भिजायला वेळ लागतो, पण गरम पाणी होतं आणि डिंक जुन्या पद्धतीचा. आधी चुना सुटला, पाणी ताकासारखं झालं. मग गेरू आला. मग नाक हळूहळू बसलं, गाल खचले, थर एकमेकांपासून अलग झाले. जाहिरातींचे तुकडे वर आले, कुठे अर्धा टोमॅटो, कुठे मोखाड्याच्या बाजारातल्या मराठी वर्तमानपत्राच्या दोन ओळी. केया हात घालून सगळं कुस्करत होती. रडत होती आणि कुस्करत होती. तिचा रडवेला चेहरा आणि ते काम करणारे हात एकाच मुलीचे वाटत नव्हते.

आणि मग ते डोळे सुटले. अ‍ॅक्रिलिक पाण्यात विरघळत नाही. खालचा कागद गेला तशी रंगाची साय अखंड निघाली आणि दोन टपोरे डोळे, पापण्यांसकट, लगद्यावर तरंगू लागले. कध्धी न जाणारे.

केयाने बोटांच्या टोकांनी ते एकेक करून उचलले. बाजूला बटाटेवड्यांच्या कागदी प्लेटा होत्या. एका प्लेटवर तिने ते नीट, शेजारी शेजारी मांडले. दारातली माणसं आपोआप बाजूला झाली. घुंगरू वाजवत ती आसावरीसमोर जाऊन उभी राहिली आणि तिने प्लेट पुढे केली.

"मावशी," ती म्हणाली, "दीज आर युअर्स."

आवाजात उद्धटपणा नव्हता. एखाद्याच्या घरी विसरलेला डबा परत करावा तशी ती बोलली. आसावरीने प्लेट घेतली. ती कुठे ठेवावी तिला कळेना. टेबलावर ठेवली तर वडे होते, कचऱ्यात टाकावी तर सगळे बघत होते. ती ते डोळे हातात घेऊन उभी राहिली आणि ते तिच्याकडे बघत राहिले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी पाहिलं. आलंच पाहिजे होतं. मला त्याची दया आली नाही, अजूनही येत नाही.

सुमित्रा हॉलमध्ये गेली. मला वाटलं पर्स आणायला गेली असेल. ती रिकाम्या गोणपाटापाशी गेली, तिथली पाटी तिने काढली आणि परत पातेल्याशी आली. 'आर्टिस्ट अननोन.' तिने ती फाडली. रागाने टराटरा नाही, तर सकाळच्या गाडीत फाडते तशी, सावकाश, पट्ट्या पट्ट्या करून, प्रत्येक पट्टीला दाढी सुटेल अशी. मालिनी बघत होती, मंडळाचे अध्यक्ष बघत होते. एकेक पट्टी तिने लगद्यात सोडली आणि केयाने ती खाली दाबली.

शेवटचा तुकडा तिने दोन बोटांत चोळून पाहिला.

"चांगला जाड कागद आहे," ती म्हणाली. "नाकाला होईल."